चांदी उजळणारी नलूवहिनी

भाच्याचा फोन आला. "आत्या, मम्मी नहीं रही..." एवढंच बोलला. माझी नलूवहिनी गेली होती. रामनगरच्या सासरहून नदीचा पूल ओलांडून माहेरी पोचेपर्यंत मी रडत होते, खरंच रडत होते. घरात शिरले तर माझे वडील, आप्पा, भिंतीला टेकून म्हणत होते, "माझा उजवा हात गेला..." झालं, माझं रडूच आटलं. आई गेली तेव्हाही ते असं बोलले नव्हते!

इकडे उत्तरेत, नदीकाठच्या मुन्शी घाटामागच्या गल्लीत आमचं चांदीकाम. डाग देताना, म्हणजे सांधे जोडताना, आचेनं चांदी काळी पडते. मग ती फिटकरीच्या, म्हणजे तुरटीच्या, कोमट पाण्यात उजळायची, रिठ्यानं घासायची. मला लहानपणापासून त्याचं वेड, पण आप्पा फिरकू देत नसत. "हात खराब होतील, लग्न व्हायचंय तुझं." नलूवहिनी तर लग्न होऊनच आली, तिच्या हातांची कोणाला काळजी? महिन्याभरात पदर खोचून पाण्यापाशी बसली.

एकदा तिनं लोखंडी चिमट्यानं मुखवटा बाहेर काढला. त्या जुन्या पाण्यात तांबं उतरलेलं असतं, लोखंड बुडालं की ते चांदीवर चढतं. देवीचा चेहरा लालबुंद! मी माहेरपणाला आलेली, दारात उभी. आता हिची खैर नाही, म्हणून मनातून सुखावले. आणि आप्पा हसले हो! "देवीला कुंकू जास्त झालं गं," म्हणाले. चहात साखर कमी पडली तर माझ्यावर डाफरणारे आप्पा!

पुढे गिऱ्हाइकं वहिनीलाच विचारत यायची. मी गेले की ती हाक मारी, "वन्सं, या ना, दाखवते." मी म्हणे, मला काय करायचंय, आणि भाजी निवडता निवडता तिचा हात बघत बसे. ती वाईट असती तर बरं झालं असतं... नव्हती ना!

वहिनीचे दिवसकार्य झाल्यावर कामावर नजर गेली. कुणाच्या तरी पादुका काळ्याच पडून होत्या. भाऊ त्या पाण्याकडे बघायलाही तयार नव्हता. मग मीच बसले. पादुका दह्यासारख्या पांढऱ्या निघाल्या. आप्पांना आता नीट दिसत नाही. त्यांनी बोट फिरवलं. चेहरा उजळला.

"नलूनं जायच्या आधी करून ठेवल्या होत्या?"

"नाही आप्पा! मी केल्या, आत्ता!"

ते बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"मग तिनंच शिकवलं असणार तुला," म्हणाले.

खरंच होतं ते... म्हणून तर इतका संताप आला.