विनानंबरचं वाहन

"अहो, पण आकाशातल्या उल्केला कुणी वाहन म्हणतं का?" बायकोने तिसऱ्यांदा विचारलं.

"मग कुठे लिहू? वहीत रकाने चारच. वाहन, नंबर, आत, बाहेर."

बावीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर काढलेल्या वॉचमनला दिसेल ते लिहायचं, एवढंच ठाऊक होतं. दिवेलागणीला एक हिरवा गोळा लखलखत छपरावरून गेला, तेव्हा त्याने इमानेइतबारे नोंदवलं: अनोळखी वाहन, नंबर नाही, फाटक न उघडता आत, फाटक न उघडता बाहेर. कुणीतरी त्या पानाचा फोटो काढला आणि गावभर उडत्या तबकडीची बोंब झाली. वेधशाळेने ती उल्का होती असं सांगितल्यावर तर लोक पोट धरधरून हसले.

"साहेब काय म्हणाले, बाबा?" मुलीने विचारलं.

"म्हणाले, दारूच्या नशेत लिहिलं असं कबूल कर, म्हणजे कारखान्याचं हसं थांबेल. नाहीतर कायमचा घरी बस."

"तुम्ही तर जन्मात थेंबाला शिवला नाहीत!" बायको रडवेली झाली. "मी जाऊन सांगते साहेबांना."

"साहेबांना ठाऊक आहे."

त्याने बूट काढून भिंतीशी नीट लावले.

"उद्या लिहून देतो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी प्यायलो होतो म्हणून."