मोडलेल्या वस्तू आणि त्या घेऊन येणारी माणसं

लोखंड तपासण्याच्या नोकरीत सांगण्यासारखं काय असणार, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. पण वीस वर्षांत मोडक्या सॅम्पलांनी लॅबची कपाटं भरली, तसे किस्सेही साठत गेले. सॅम्पलं आम्ही मुदत संपली की भंगारात देतो. किस्से भंगारवाला घेत नाही, म्हणून ते माझ्याकडेच राहिले.

मी वाळूजच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये मटेरियल सायंटिस्ट आहे. म्हणजे एखादा धातू कशाचा बनलाय, किती ताण सोसेल आणि मोडला तर का मोडला, हे शोधून काढायचं.

हे मी आमच्या उस्मानपुऱ्यातल्या शेजारच्या काकूंना नीट समजावून सांगितलं होतं. तरी एका रविवारी त्या पिशवी घेऊन आल्या.

"अगं, तू मटेरियलमध्ये आहेस ना? मग यातलं कुठलं धुतल्यावर आटेल, सांग बरं!"

पिशवीत दोन ड्रेस मटेरियल! मी म्हटलं, काकू, माझं काम पोलादाचं आहे. काकूंचा चेहरा एवढासा झाला. मलाच वाईट वाटलं. दोन धागे लॅबमध्ये नेले, मायक्रोस्कोपखाली बघितले. 'प्युअर कॉटन' म्हणून दिलेल्या कापडात निम्मं पॉलिस्टर निघालं. काकू तशाच दुकानात गेल्या आणि कापड बदलून आणलं.

परत आल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "चला, तुझ्या शिक्षणाचा काहीतरी उपयोग झाला!"

* * *

माझे वडील, आबा, शेतकरी. लेक नेमकं काय करते हे बघायला एकदा लॅबमध्ये आले. मी त्यांना आमचं सगळ्यात मोठं मशीन दाखवलं. हे मशीन सळई दोन्ही टोकांना पकडतं आणि तुटेपर्यंत ओढतं. काटा चढत गेला, सळई मधे बारीक झाली आणि 'धाड' करून तुटली.

आबा दचकले. "मोडलं की गं!"

"मोडायसाठीच लावलं होतं, आबा."

"सळई नवी होती?"

"कोरी."

"चांगली होती?"

"एकदम चांगली."

आबांनी दोन्ही तुकडे उचलून एकमेकांना लावून बघितले. घरी गेल्यावर आईला म्हणाले, "पोरगी लई हुशार हाय. पण घरातलं काही तिच्या हातात देऊ नको!"

* * *

मोडलेल्या वस्तूचं मोडलेलं तोंड म्हणजे आमच्यासाठी सगळा पुरावा. एका कारखान्यातल्या मशीनचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, मोडला, तेव्हा मी फोनवर तीन-तीनदा सांगितलं, "जसा आहे तसा पाठवा. हात लावू नका."

शाफ्ट आला. मोडलेलं तोंड कानशीनं घासलेलं, पॉलिश पेपर मारलेला आणि वरून चंदेरी रंग!

मी फोन लावला. तिकडचा सुपरवायझर अभिमानानं म्हणाला, "मॅडम, लॅबमध्ये जायचंय म्हणून जरा नीट करून दिला."

आता रिपोर्टमध्ये लिहायचं काय? मी आमच्या साहेबांना विचारलं. त्यांनी शाफ्ट हातात घेतला, फिरवून बघितला आणि शांतपणे म्हणाले, "लिहा, रंग उत्तम आहे."

* * *

आमच्या पाटीवर टेस्टची यादी आहे. त्यात 'ग्रेन साइज' वाचून अजिंठ्याकडचे एक काका मका घेऊन आले. मी सांगितलं, इथं धातूच्या आतले दाणे मोजतात. त्यांना पटेना, म्हणून मायक्रोस्कोपमधून दाखवले.

काका बराच वेळ डोळा लावून होते. मग काळजीनं म्हणाले, "लई बारीक भरलंय. पाणी कमी पडलं व्हय?"

* * *

सलीमभाई आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन. ओतकामाचा कुठलाही भाग आला की ते आधी हातोडीनं हळूच ठोकणार. 'टण्ण' वाजला तर चांगला, 'भद्द' वाजला तर आत चीर. त्यांचा कान मशीनच्या आधी सांगायचा.

एकदा एका पंपाचा भाग ठोकून ते म्हणाले, "मॅडम, इसमें क्रॅक है."

मशीन म्हणालं, नाही. दुसरा भाग घेतला, सलीमभाईंच्या मते त्यातही क्रॅक. तिसऱ्यातही! शेवटी साहेबांनी एक कापायला लावला. आत काहीही नव्हतं.

सलीमभाईंनी कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. "तो फिर क्रॅक मेरे कान में होंगा."

सगळे हसले. ते मात्र हसले नाहीत. महिनाभर ते फोन डाव्याच कानाला लावतायत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. पडद्याला भोक होतं. वेळेवर गेलो म्हणून कान वाचला.

कामावर परत आले तेव्हा डॉक्टरांचा रिपोर्ट त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "मॅडम, टेस्टिंग बराबर थी. सिरफ सॅम्पल गलत था!"

* * *

आता हा शेवटचा. एका हाडाच्या डॉक्टरांनी आमच्याकडे एक स्टीलची पट्टी पाठवली. हर्सूलच्या पुढच्या एका गावातले म्हातारे मेंढपाळ, बाबूराव. पाय मोडला म्हणून आत पट्टी बसवली होती, ती पायातच तुटली. आता दुसरं ऑपरेशन. पट्टीत खोट होती की मनाई असताना पेशंट चालला, हे डॉक्टरांना हवं होतं.

रिपोर्ट समजावून सांगायला मी दवाखान्यात गेले. बाबूराव पलंगावर, उशाशी त्यांची बायको गंगाबाई. पाय मोडल्यापासून मेंढरं त्याच चारायला न्यायच्या. मधे आठ दिवस भाचीच्या लग्नाला माहेरी गेल्या, तेव्हा मेंढरं दिराकडं होती.

मला बघताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्या गेले तिथंच चुकलं, बाई. आठ दिवस कुणी बघायला नव्हतं, तवाच हे हिंडले."

बाबूराव छताकडं बघत होते.

मी तुटलेल्या पट्टीचा मायक्रोस्कोपमधला फोटो त्यांच्यापुढे धरला. पट्टीत खोट नव्हती. ती एकदम तुटली नव्हती, रोजच्या चालण्यानं थोडी थोडी चिरत गेली होती. अशी चीर पडली की धातूवर शिंपल्यासारखी वलयं उमटतात.

गंगाबाईंनी फोटोवरच्या एका गडद पट्ट्यावर बोट ठेवलं. "अन् ह्ये?"

"इथं चीर थांबलीय. सलग काही दिवस पाय हललेलाच नाही."

"हे असे सलग कवा बसले?"

 मग बाबूराव हळूच म्हणाले, "तू माहेराला गेलतीस तवा."

गंगाबाईंना कळेना. "म्हंजी मी घरी व्हते तवाच तुमी चालत व्हता? कुठं जायाचा?"

"तू एकटी मेंढरांमागं जायचीस," बाबूराव म्हणाले, "मी तुझ्यामागं."