हेमंत क्लास घेत नव्हता

हेमंत गेल्याचं मला एका बॅनरच्या फोटोवरून कळलं. मंगळवार होता, ऑफिसात दुपारचा चहा आला होता, आणि काळाचौकीच्या आमच्या जुन्या चाळीच्या ग्रुपवर तो फोटो पडला. मागे निळं आभाळ, मधोमध हेमंत, आणि खाली ठळक अक्षरांत, 'गोरगरीब विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक, मोफत क्लासचे संस्थापक हेमंत तोरस्कर यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' चेहरा त्याचा होता, अंगातला कोट त्याचा नव्हता. कुणीतरी कंप्युटरवर चढवला होता. क्षणभर मला वाटलं, हा दुसराच कुणी हेमंत तोरस्कर असणार. मग आमच्या खेळातल्या सुप्रियाला फोन लावला. तिच्या आवाजावरूनच कळलं... सकाळी अकराच्या सुमारास माझगावला कामावर असताना तो छातीला हात लावून खाली बसला तो उठलाच नाही. तीन वाजायच्या आत बॅनर तयार होता. चाळीचं मंडळ या बाबतीत तत्पर आहे.

या गोष्टीला सहा आठवडे झाले. माझं दुःख जरा निवलंय, राग निवलेला नाही. लोक समजावतात, अरे, चांगलंच लिहिलंय ना त्याच्याबद्दल, तुला काय झालं? मला एवढंच झालं, की ते खोटं आहे. हेमंतने आयुष्यात एकही क्लास घेतला नाही. तो क्लास बनवायचा. या दोन वाक्यांत जो फरक आहे, त्यासाठी हा लेख लिहितोय.

मी भूम गावचा. वडील तिथल्या बाजार समितीत हमाल होते, घरातला पहिला पदवीधर मी. बाविसाव्या वर्षी नोकरीसाठी मुंबईत आलो, आणि चाळीत तोरस्करांच्या शेजारच्या खोलीत मला एक कॉट मिळाली. जेवायला काकूंकडे, म्हणजे हेमंतच्या आईकडे. हेमंत माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आयटीआय झालेला, जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात फिटर. पहिल्याच आठवड्यात तो एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्या कॉटवर येऊन बसला. फोर्टच्या फुटपाथवर घेतलेलं, पुढची पानं गेलेली. "तू ग्रॅज्युएट ना? मग वाच," म्हणाला. मी शब्दकोश घेऊन वाचायला लागलो. माझ्या पदवीचा कुणाला तरी उपयोग झाला तो पहिल्यांदा असा.

ते पुस्तक एका खेळाच्या नियमांचं होतं. या खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि अडलेल्या जागी काय घडलं ते फासे टाकून ठरवतात. प्रत्येक पात्राचा एक 'क्लास' असतो, म्हणजे त्याची जात नव्हे, त्याचा पेशा म्हणा... त्याला काय जमतं आणि काय नाही, याची यादी. पुस्तकात योद्धा होता, जादूगार होता, चोर होता. हेमंतने ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे सगळे तयार होऊनच आलेत रे. आपल्यातला एक पण नाही." मग त्याने दोनशे पानी वही आणली आणि स्वतःचे क्लास बनवायला घेतले.

पहिला क्लास फसला. गिरणीतल्या आजोबांच्या आठवणीवरून त्याने 'जॉबर' बनवला, माणसं कामाला लावणारा. त्याचा हुकूम सगळ्यांनी मानायचा. माझगावचा ग्लेन, हेमंतच्या कारखान्यातलाच वेल्डर, जॉबर होऊन खेळला आणि दोन शनिवारांत खेळाचं वाटोळं झालं. तो सांगायचा, आम्ही करायचो. परळच्या एका हॉस्पिटलात नर्स असलेली सुप्रिया म्हणाली, "हेच करायचं तर मी वॉर्डातच थांबले असते ना." हेमंतने ते पान फाडलं नाही. वर फक्त एक शब्द लिहिला, 'जाम'. फार घट्ट बसवलेला भाग फिरत नाही, तसा.

त्यानंतर त्याने पद्धत बदलली. पानावर दोन रकाने आखायचे, आणि 'जमत नाही' हा रकाना आधी भरायचा. तोही त्याने नाही, खेळणाऱ्याने. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, पोहता येत नाही, इंग्रजी बोलता येत नाही. त्याने पेन्सिल कागदाला टेकवलीच नाही. "हे चाळीत निम्म्यांना येत नाही. तुला काय येत नाही?" शेवटी मी म्हणालो, मला कुणाला नाही म्हणता येत नाही. तेव्हा त्याने लिहून घेतलं. आणि त्या एका वाक्यातून माझा क्लास बनवला, 'नवखा'. नवख्याने कुठल्याही दारात उभं राहून एक प्रश्न विचारायचा, आणि राजा असो की राक्षस, त्याने खरं उत्तर द्यायलाच हवं. मात्र पुढे तो जे सांगेल त्याला नवख्याने नकार द्यायचा नाही. ताकद आणि खोट एकाच पत्र्यातून कापायची, असं त्याचं म्हणणं. एकदा मी पुलावरच्या राक्षसाला पलीकडे जायची वाट विचारली. त्याने खरी सांगितली, आणि म्हणाला, मी येईपर्यंत माझी ढाल धर. बाकीचे पूल ओलांडून किल्ल्यात पोचले तरी मी ढाल धरून उभा. "भूम, बसलास तरी चालेल रे," सुप्रिया अधूनमधून म्हणायची. मला सगळे भूमच म्हणत.

सुप्रियाचा क्लास 'पाळीवाली', म्हणजे ड्यूटीच्या पाळीवरची. पडलेल्याला सोडून तिला पुढे जाता यायचं नाही, आणि शस्त्र हातात घेता यायचं नाही. पण ती जागी असेपर्यंत बरोबरचं कुणी मरणार नाही. हा नियम घासून बसवायला हेमंतला तीन महिने लागले. शनिवारी खेळून बघायचा, रविवारी कानस मारावी तसा एकेक शब्द कमी करायचा. जागी म्हणजे काय, डुलकी लागली तर काय, बरोबरचं म्हणजे किती अंतरावरचं... माझा नवखाही त्याने असाच घासला; एवढ्या बारकाईने माझ्याकडे तोवर कुणी पाहिलं नव्हतं. शाळेत नाही, कॉलेजात नाही. हेमंत गेला त्या मंगळवारी सुप्रिया नाइट करून घरी झोपली होती. ती हे कुणाला बोलत नाही. मीही इथे एकदाच लिहितो.

सुरुवातीला आम्ही चाळीच्या तळमजल्यावर, मंडळाच्या हॉलमध्ये बसायचो. एका शनिवारी मंडळाचे अध्यक्ष परबकाका आत आले.

"ह्या काय चाललाहा हयसर?"

"खेळतोय काका," हेमंत म्हणाला.

"फासे घेऊन?"

"गोष्टीचा खेळ आहे. पैसे नाहीत यात."

"मगे कशाक खेळतास?"

काकांनी वीस बाजूंचा फासा चिमटीत धरून फिरवून पाहिला आणि परत टेबलावर ठेवला. हॉलात गणपती बसतो, इथे जुगार चालणार नाही, म्हणाले. आम्ही चार कमावती माणसं वह्या गोळा करून शाळेतून काढल्यासारखे बाहेर आलो. तेव्हापासून अकरा वर्षं आम्ही हेमंतच्या खोलीत जमिनीवर बसून खेळलो.

मग जुगाराचा अड्डा चालवणारा माणूस मार्गदर्शक कसा झाला? इथे मला स्वतःचं सांगायला हवं. मी दर आठवड्याला वडिलांना फोन करायचो आणि म्हणायचो, शनिवारी माझा क्लास असतो. दिवसभर पोती वाहून आलेल्या माणसाला, शिकलेला मुलगा मुंबईत राक्षसाची ढाल धरून उभा असतो, हे सांगायची मला लाज वाटत होती. पुढच्या वर्षी ते मुंबईला आले. जिन्यात परबकाका दिसले तसे हात जोडून म्हणाले, "पोरगं शनवारी तोरस्करांकडं क्लासला जातंय म्हनतंय. नीट चाललंय का?" मी मागेच उभा होतो. वडिलांची पिशवी उचलून वर चढायला लागलो. दुसऱ्या दिवसापासून परबकाका हेमंतला मास्तर म्हणायला लागले. मी हेमंतची माफी मागितली तर तो पोट धरून हसला. "खोटं कुठे बोललास? क्लासच बनवतो की आपण." त्याला ती गंमत वाटली, मला सुटका. त्यानंतर चाळीत कुणी काही विचारलं की आम्ही सगळेच क्लास म्हणायचो. बॅनर मंडळाने छापला, पण मजकूर माझा होता.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. परबकाकांनी माझी ओळख करून दिली, हेमंतच्या क्लासचा पहिला विद्यार्थी, आज विमा कंपनीत अधिकारी. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले, आणि मी उभा राहून म्हणालो, "हेमंतने मला खूप शिकवलं." लोकांनी माना डोलावल्या. नंतर जिन्यात सुप्रियाने गाठलं.

"काय शिकवलं रे तुला? बीजगणित?"

"ती वेळ नव्हती, सुप्रिया."

"तीच वेळ होती, भूम."

ती पाठ फिरवून खाली उतरून गेली, आणि मला पहिल्यांदा खरा राग आला. स्वतःचा आला, मग सगळ्यांचा. आमच्यासारख्या घरांतल्या माणसाने नुसतं खेळलेलं कुणाला खपत नाही. त्याने शिकवलं पाहिजे, मदत केली पाहिजे, दुसऱ्यासाठी झिजलं पाहिजे, तरच तो बरा माणूस. आठवड्याचे सहा दिवस लोखंड घासणारा फिटर सातव्या दिवशी डोक्यातून एक आख्खं राज्य उभं करतो, त्यातल्या माणसांचे नियम तीन-तीन महिने तपासतो, आणि ते कशासाठी, तर चार मित्रांना मजा यावी म्हणून... हे सांगितलं तर म्हणे त्याची किंमत कमी होते. मग त्याला कोट घालायचा. जिवंतपणी ज्या हॉलमधून त्याला हाकललं, मेल्यावर त्याच हॉलमध्ये, त्याने कधीच न केलेल्या कामाबद्दल त्याला हार घालायचा.

पंधरा दिवसांपूर्वी परबकाकांनी मला बोलावून घेतलं. आता ते थकलेत, पण अध्यक्ष तेच आहेत. हॉलमध्ये दर शनिवारी चार ते सात 'हेमंत तोरस्कर स्मृती मोफत क्लास' सुरू करायचा ठरला होता, आणि तो मी घ्यायचा होता. बोर्ड रंगवायला जाणार होता. त्यांनी हॉलची किल्ली माझ्यापुढे ठेवली. मी विचार करायला दोन दिवस मागून घेतले. ग्लेन म्हणाला, "घे ना यार. दार लावलं की आत आपण काय करतो ते कोण बघतंय?" आणि खरं सांगतो, हेमंतने कदाचित हसत हसत घेतली असती. टेबल, पंखा, ट्यूबलाइट, हेच तर आम्हाला हवं होतं. मी नवख्याची ती नकार न देण्याची खोट काढून टाक म्हणून त्याच्या मागे लागायचो तेव्हा तो म्हणायचा, "कागदावर दोन मिनिटांत काढून देतो रे. मग तू खेळणार काय?" ते दोन दिवस मला हेच ऐकू येत होतं.

तिसऱ्या दिवशी मी किल्ली उचलली नाही. "नाही काका," म्हणालो. "तो क्लास घेत नव्हता. तो आमच्याबरोबर खेळायचा. तुम्ही त्या दिवशी बघितलेत त्याच फाशांनी. क्लासचं मी माझ्या वडिलांना खोटं सांगितलं होतं, तिथून ते पसरलं."

काका म्हणाले, "मगे बोर्डावर काय लिहू? खेळायचो म्हणान?"

"हो. तसंच लिहा."

"लोक हसतले रे. मेलेल्या माणसाची इज्जत कित्याक काढतस?"

"तो खेळ फार चांगला बनवायचा काका. त्यात इज्जत नाही का?"

त्यांनी किल्ली उचलून खिशात टाकली. रागाने नाही. त्यांना माझी कीव आली असावी, आणि त्याचाच मला जास्त राग आला. बोर्ड रंगवायला गेला नाही.

काकूंना हे कुणीतरी सांगण्याआधी आपण सांगावं, म्हणून त्या शनिवारी आम्ही तिघं वर गेलो. दार उघडंच होतं. काकूंनी खाट भिंतीशी उभी करून ठेवली होती, फरशी पुसलेली होती. खाट उभी केल्याशिवाय त्या खोलीत चौघं बसू शकत नाहीत, आणि अकरा वर्षं दर शनिवारी पावणेचारला त्या ती उभी करत आल्या आहेत.

"बोर्ड नको म्हणालास म्हणे," त्या म्हणाल्या. बातमी आमच्या आधी पोचली होती.

"हो काकू. तो क्लास घेत नव्हता, म्हणून..."

"मला काय सांगतोस? अकरा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर आरडाओरडा करत होतात. तो अभ्यास नव्हे हे मला कळत नव्हतं?" त्यांनी पदर खोचला. "पण बोर्ड मला हवा होता. त्याचं नाव मोठ्या अक्षरांत बघायचं होतं मला एकदा."

जे खरं ते बोललो, याचा मला पश्चात्ताप नाही. पण त्याची किंमत मी मोजली नाही, त्यांनी मोजली, एवढं मला त्या दारात कळलं. आम्ही तिघं चपला काढून तसेच उभे राहिलो. काकू आत वळल्या, चहाचं आधण ठेवलं, आणि आम्ही भिंतीला टेकून, एक कोपरा मोकळा ठेवून अंग चोरून बसलो, तेव्हा पाठमोऱ्याच म्हणाल्या,

"त्याची जागा म्हणून कोपरा सोडू नका. आधीच खोली लहान आहे."

ग्लेन सरकून बसला.