टाचेपाशी

शालिनी विणायला बसली की जिभेचं टोक ओठांत धरते, शाळेत चित्र काढताना धरायची तसंच. आम्ही दोघी साठी ओलांडलेल्या, जन्मभर एकाच गल्लीत राहिलेल्या. आता पुढच्या महिन्यात ती मुलाकडे कॅनडाला कायमची चालली आहे. "तिकडे पाय गारठतात म्हणे. मला मोजे विणायला शिकव," म्हणाली आणि रोज दुपारी येऊ लागली.

घोट्यापर्यंतचा भाग तिला लगेच जमला. टाच मात्र जमेना. तिथे वीण वळवावी लागते. मी रोज दाखवत असे आणि दुसऱ्या दिवशी ती टाच उसवलेला मोजा घेऊन हजर. "चुकलं गं पुन्हा."

काल मी चहा करायला आत गेले. परत आले तेव्हा तिची माझ्याकडे पाठ होती. तिच्या खांद्यावरून दिसलं, हातातली टाच अगदी सफाईनं वळली होती. तिनं ती क्षणभर तळहातावर धरली, मग सुया काढल्या आणि हळूच धागा ओढला.

मी पुन्हा आत गेले आणि कपबशा वाजवत बाहेर आले.

"जमली का?"

"नाही गं. उद्या परत दाखवशील?"

तिच्या मांडीवर लोकर पडली होती. उसवलेली लोकर लगेच सरळ होत नाही. टाक्यांची वळणं ती बराच वेळ धरून ठेवते.

"दाखवीन की," मी म्हटलं आणि गुंडाळायला लोकरीचं एक टोक हातात घेतलं.