पंखा नसलेला लॅपटॉप आणि अण्णा

अण्णांना जाऊन आज वर्ष झालं. त्यांची खुर्ची मी अजून हलवलेली नाही.

बारावी अर्धवट सोडून मी त्यांच्या नवी पेठेतल्या दुकानात आलो. लॅपटॉप रिपेअरिंग त्यांनीच शिकवलं.

प्रत्येक स्क्रूची जागा मी कागदावर काढून ठेवायचो. तरी झाकण लावण्याआधी विचारायचोच, "अण्णा, एकदा बघता का?"

ते बघायचे. दर वेळी.

अण्णा यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेले. मशीन कानाने तपासायचे. पंख्याच्या आवाजावरून सांगायचे, धूळ अडकलीय की बेअरिंग झिजलंय.

मग एक दिवस शाळेतल्या एक बाई नवा लॅपटॉप घेऊन आल्या. लॅपटॉपच्या कंपनीनेच स्वतः डिझाइन केलेल्या प्रोसेसरचा. आमच्याकडे आलेला पहिलाच.

स्क्रीन काळी.

अण्णांनी बटण दाबून कान लावला. आवाज नाही. तळाला हात लावला. गार.

"बोर्ड गेला, मॅडम."

बाईंचा चेहरा उतरला.

मला कीबोर्डवर कॅप्स लॉकचा दिवा लागलेला दिसला होता, म्हणजे मशीन चालू होतं. पण बोललो नाही. अण्णा कसे चुकतील?

झाकण उघडलं, तर आत पंखाच नाही. मशीन व्यवस्थित चालू. फक्त स्क्रीन गेलेली.

अण्णा स्वतःवरच हसत सुटले. मग मी हळूच दिव्याचं सांगितलं. तेव्हा हसायचं थांबले.

"दिसलं होतं तर बोलला का नाहीस बे?"

पुढचे आठ दिवस ते मोबाईलवर त्या प्रोसेसरबद्दलच वाचत होते. चहा पिताना मला सांगितलं. कंपनी आधी प्रोसेसर दुसऱ्यांकडून घ्यायची. नवा कधी येणार, किती तापणार, सगळं त्या दुसऱ्यांच्या हातात. हिला पातळ लॅपटॉप करायचा, तर तो तापायचा. मग हिने चिप डिझाइन करणारी माणसं घेतली. आधी फोनसाठी स्वतःची चिप केली. त्यात बरीच वर्षं हात बसवला, मग लॅपटॉपमध्ये घातली.

"लई वर्षं दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होती की," अण्णा म्हणाले. "तुझ्यासारखी."

त्या दिवसापासून त्यांनी माझं काम तपासणं बंद केलं. विचारलं की रस्त्याकडे बघत म्हणायचे, "तूच बघ."

महिनाभर मी लावलेलं प्रत्येक झाकण पुन्हा उघडून बघायचो.

आज दुपारी एक लॅपटॉप बंद करताना तोंडातून निघालंच, "अण्णा, एकदा बघता का?"

कागदावरचे सगळे स्क्रू मोजले. झाकण लावलं.

बरोबर आहे, अण्णा. मीच बघितलं.

तुम्ही आता निवांत राहा.