म्हशीचे वरचे दात

नव्वदच्या दशकात स्पर्धा परीक्षेचं पुस्तक काखेत मारून मी रोज कोल्हापुरातल्या दूध कट्ट्यावर जायचो. समोर धार काढून फेसाळ ग्लास देणारा गवळी आधी प्रश्न टाकायचा. कर्णाचा सारथी? शल्य. मेंढीचं पिल्लू? कोकरू. मी छाती फुगवायचो.

एकदा त्यानं विचारलं, "म्हशीला वरचं फुडचं दात किती?"

"आठ," मी ठोकून दिलं.

त्यानं म्हशीचा ओठ वर केला. नुसती हिरडी! अख्खा कट्टा हसला.

"पावणं, म्हाईत न्हाय म्हणायचं की! कुणी हसलं नसतं."

पुढं मुलाखतीत साहेबांनी खिडकीबाहेरच्या झाडाचं नाव विचारलं. मी बेधडक म्हणालो, "माहीत नाही."

नोकरी लागली. पहिला पेढा मी त्या म्हशीला भरवला.