लिफ्टवहिनीची सहा वाक्यं

इंग्रजी शिकवायला आलेल्या बाईंनी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते हॉस्पिटलच्या जिन्यापाशी. धुतलेल्या चादरींचं हनुवटीपर्यंत येणारं गाठोडं कवेत धरून ती चौथ्या मजल्याकडे निघाली होती. लिफ्ट तर दार उघडून उभी होती. बाई गुडघे सांभाळत आत शिरल्या आणि म्हणाल्या, "अगं, ये की. जागा आहे." ती थांबली. लिफ्टमधल्या रिकाम्या लाकडी स्टुलाकडे तिने एकदा बघितलं, "नको" म्हणाली आणि पायऱ्या चढू लागली. त्या 'नको'त राग नव्हता, दुःख नव्हतं, काहीच नव्हतं.

त्या स्टुलावर एकोणीस वर्षं तिचा नवरा बसला होता. हॉस्पिटलचा लिफ्टवाला. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत माणूस गेला. तिला सगळे लिफ्टवहिनी म्हणत. तो गेल्यावरही तेच नाव राहिलं, कारण दुसरं काय म्हणायचं ते कोणाला सुचलं नाही.

हॉस्पिटलमागे कर्मचाऱ्यांची इमारत होती, तिथे त्यांची एक खोली. ऑफिसने वहिनीला कपड्यांच्या विभागात तात्पुरतं घेतलं आणि सांगितलं, तीन महिन्यांनी इंग्रजीची लहानशी परीक्षा होईल. पास झालात तर नोकरी कायम आणि खोलीही राहील. नाहीतर खोली सोडावी लागेल. वॉर्डांतून येणाऱ्या चिठ्ठ्या इंग्रजीत असत, त्या वाचता-लिहिता यायला हव्यात, एवढंच त्यांचं म्हणणं. वहिनीला मूलबाळ नव्हतं. खोली गेली तर नणंदेच्या दारात जाऊन राहायचं, आणि नणंद काय चीज आहे हे साऱ्या इमारतीला ठाऊक होतं.

शिकवायला ऑफिसने बाईंना बोलावलं होतं. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. आठवड्यातून तीन दुपारी फिजिओथेरपीच्या खोलीत वर्ग भरे. विद्यार्थी दोनच. एक लिफ्टवहिनी आणि दुसरा पन्नाशी उलटलेला वॉर्डबॉय, ज्याला नातू झाला तरी हुद्द्यातलं 'बॉय' काही सुटलं नव्हतं.

बाईंचा एक नियम होता. क्रियापद शिकलं की त्याची वाक्यं वहीत लिहायची, पण प्रत्येक वाक्य खरं हवं. खोटं वाक्य परीक्षेपर्यंत डोक्यात राहत नाही, असा त्यांचा चौतीस वर्षांचा अनुभव. वहिनीला हा नियम जड गेला नाही. 'ब्रोक' शिकवलं त्या दिवशी तिने कप फुटल्याचं लिहिलं, 'टोअर' शिकवलं तेव्हा तीन नंबर वॉर्डची चादर फाडली. अक्षर गोल, चुका तुरळक. लिहून झालं की वही मिटून दोन्ही हात वहीवर ठेवून बसायची. कोणी उठ म्हणेपर्यंत उठायची नाही.

मग 'कीप'ची पाळी आली.

"याचं भूतकाळात 'केप्ट' होतं, 'कीप्ड' नाही," बाई म्हणाल्या. "मोठा राबता शब्द आहे हा. वस्तू ठेवली, शब्द पाळला, गुपित राखलं, गाय पाळली, कोणाला ताटकळत ठेवलं, कोणी एकच गोष्ट बोलत राहिला, सगळीकडे हाच."

वॉर्डबॉयने लगेच वही पुढे केली. "आय केप्ट ॲन एलिफंट."

"कुठे आहे?"

"कोण?"

"हत्ती. मला दाखवा."

"तो मेला ना, बाई. आत्ताच. तुम्ही विचारलंत आणि गेला."

बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली आणि वहिनीकडे पाहिलं. ती पट्टी धरून समास आखत होती. रेघ सरळ आली.

पण त्या पानावर 'केप्ट' या मथळ्याखाली काही उमटेना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. पुढची क्रियापदं भरली, हे पान कोरंच. शेवटी बाई तिच्या खोलीवर गेल्या. नणंद सामान घेऊन राहायला आलेली होतीच.

"एक टिपूस काढलं नाही हो हिने," नणंद चहा देता देता म्हणाली. "माझा भाऊ गेला आणि ही आपली घड्या घालत बसली. आता तर साहेबीण होणार म्हणे."

वहिनी तेव्हाही टॉवेलांच्या घड्याच घालत होती. नणंद कप धुवायला बाहेर गेली तशी बाईंनी हळूच विचारलं, "वाक्यं सुचत नाहीत का?"

"सुचतात."

"मग?"

"सगळी त्यांचीच सुचतात."

बाईंनी एक टॉवेल उचलून घडी घातली. मग म्हणाल्या, "तू हत्ती पाळ. मी काही म्हणणार नाही." चौतीस वर्षांत त्यांनी ही सूट कोणाला दिली नव्हती.

"बरं," वहिनी म्हणाली आणि पुढचा टॉवेल उचलला.

परीक्षेत आधी चिठ्ठ्या वाचायच्या होत्या, मग दिलेल्या पाच क्रियापदांतलं कुठलंही एक घेऊन भूतकाळातली सहा वाक्यं लिहायची होती. वहिनी वॉर्डबॉयच्या बऱ्याच नंतर बाहेर आली.

"कुठलं घेतलंस?" बाईंनी विचारलं.

"केप्ट."

"अगं, बाकीची चार होती की."

"दुसरं काही आठवेना."

"काय लिहिलंस?"

वॉर्डची चिठ्ठी वाचावी तसं तिने सांगितलं. "त्यांनी लिफ्ट स्वच्छ ठेवली. डबा स्टुलाखाली ठेवला. दिलेला शब्द पाळला. सुट्टीच्या दिवशी मला फाटकात ताटकळत ठेवलं. ताप दोन दिवस माझ्यापासून लपवून ठेवला. शेवटी पाणी मागत राहिले."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाल्या, "हत्ती नाही पाळलास?"

"खोलीत कुठे मावणार," वहिनी म्हणाली. ती हसली नाही. वेळ झाली होती, ती कपड्यांच्या विभागात गेली. जिन्यानेच.

ती पास झाली. वॉर्डबॉयही काठावर निघाला आणि त्याने दोन दिवस सगळ्यांशी इंग्रजीत भांडण केलं. नणंद आपलं सामान घेऊन गेली.

याला आता सहा वर्षं झाली. पुढे हॉस्पिटलात नवी लिफ्ट आली आणि जुनं स्टूल भंगारात निघालं, तेव्हा वहिनीने ऑफिसात अर्ज देऊन ते मागून घेतलं. अर्ज इंग्रजीत होता. स्टूल तिच्या खोलीत खिडकीखाली आहे. त्यावर ती इस्त्रीचे कपडे ठेवते.